पहिली ओळ

करार दोन वर्षांचा होता. मी एकोणतीस राहिले.
त्यात धाडस काही नव्हतं.
दर दुसऱ्या जूनमध्ये कुणीतरी शिक्का मारत गेलं,
मी पासपोर्ट परत पर्समध्ये ठेवत गेले.
मुहर्रकच्या पुलावरून सकाळची बस,
काचेला आतून घाम,
आणि उतरल्यावर कोल्ड स्टोअरमधला करक चहा,
कागदी पेल्यात, जीभ भाजेल असा.

काम सांगायला सोपं.
रक्त यायचं बर्फात, बाटलीवर अरबीत नाव.
पेशी धुवायच्या, फोडायच्या,
एक थेंब ओल्या पट्टीवर ठेवून वीज सोडायची
आणि पाहत बसायचं कोण किती पळतं.
सगळ्यांच्या पुढे ए.
त्याच्यामागे एफ, आईच्या पोटातलं जुनं रक्त.
आणि रेंगाळत, पाय ओढत, एस.
एकशे शेहेचाळीस मण्यांच्या माळेत
सहावा मणी बदललेला.
तेवढ्यावर गोल पेशीचा कोयता होतो.

झकियाचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे,
नाकाला चिमटा, कमरेला दोर.
ती म्हणायची, "डॉक्टर, तू काय शोधतेस?
खोटा मोती?"

धानोऱ्याला आम्ही याला नुसतं दुखणं म्हणायचो.
लालसूचे गुडघे सुजले की
आई टोळीचं तेल कोमट करून चोळायची,
"कुठं दुखते, बापू?" विचारायची,
आणि तो सगळीकडे बोट फिरवायचा.
त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला
त्याचा लाकडी बैल मीच ओढत नेला.
चाक डगमगत होतं. लोक बैलाकडे बघत नव्हते.

एकदा सुट्टीवरून परतताना
टिपकागदावर वाळवलेले तेवीस थेंब आणले,
गावची तेवीस माणसं, वहीच्या पानांत दाबून.
इथल्या रक्ताशेजारी त्यांचं वाचन केलं
तर सित्राचा मासेमार आणि माझा चुलता
एकाच जुन्या चुकीचे वारस निघाले.
अक्षरन् अक्षर तेच.
कोण कुणाच्या होडीत बसलं होतं, कधी,
ते रक्त सांगत नाही.
शोधनिबंधात माझं नाव चौथं आहे.
तिसरं ज्याचं, त्याने पट्टी कधी ओली केली नाही.

लग्नाआधीच्या तपासणीला मुलगे अत्तर लावून यायचे.
मी आकडे लिहायचे; सांगायचं काम शेजारच्या खोलीत.
भिंत पातळ होती.
बदरीया आणि तिचा तो, दोघेही वाहक.
बराच वेळ आवाज नाही, मग खुर्ची सरकली.
त्यांनी तरीही लग्न केलं.
सहा वर्षांनी तिच्या मुलाची बाटली आली,
बापाच्या नावासकट.
ए नाहीच. एस, जाड.
पण एफची रेघही ठसठशीत, चोवीस टक्के:
पोटातलं रक्त पोराला सोडायला तयार नव्हतं.
मी झकियाला मिठी मारली.
प्रयोगशाळेत ते चालत नाही. हातमोजे लाल होते.

आता परदेशातून यंत्र आलंय,
थोड्या मिनिटांत आकडा देतं. रेघ काढत नाही.
शाजी म्हणाला, जुन्या पट्ट्या फेकू या का?
मी म्हटलं, नंतर बघू.
प्रत्येक पट्टीला तुलनेसाठी एक माहितीतलं रक्त लागतं,
पहिल्या ओळीत, ए आणि एस दोन्ही असलेलं.
विकत मिळायचं, पण उशिरा यायचं.
म्हणून पहिल्याच आठवड्यात मी बाही वर केली,
आणि मग दर महिन्याला करत राहिले.
कुणी विचारलं नाही. नोंदवहीत लिहिलंय: नियंत्रण.

कपाटात एकोणतीस वर्षांच्या पट्ट्या आहेत,
त्यांच्या पहिल्या ओळीत मी,
बाकी ओळींत हे बेट.

काल टेबल पुसून झालं.
झकिया म्हणाली, ईदला हलवा पाठवीन, पत्ता दे.
मी पेन उघडलं
आणि कागद बराच वेळ
तसाच धरून राहिले.